चौसाळ्याच्या रस्त्यावर बर्फातली कुत्री

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी सव्वीस वर्षं परिचर होते. परिचर म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. डॉक्टर तपासतात, सुई देतात. ती सुई टोचून बाहेर येईपर्यंत जनावर जागेवर उभं ठेवायचं, हे परिचराचं काम. बैल असला तर वेसण, म्हैस असली तर शिंगाला दोर, शेळी असली तर तिची मान आपल्या गुडघ्यांत. दवाखान्यापुढं लोखंडी पाइपांचा खोडा असतो, त्यात उभं केलं की जनावराला हलता येत नाही. पण खोड्यापर्यंत त्याला आणायचं कुणी? आणताना आपल्या पायावर त्याचा पाय पडला तरी ओरडायचं नाही, कारण माणूस ओरडलं की जनावर बिथरतं. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

नोकरी मला नवऱ्याच्या जागी मिळाली. ते याच खात्यात होते, लवकर गेले, आणि अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. आमचा दवाखाना नेकनूरकडच्या एका गावात. पहिल्याच दिवशी एक म्हातारबा बैल घेऊन आले. मी दोर हातात घेतलेला त्यांनी पाहिला आणि बैल वळवून तसेच घरी गेले. बाईमाणसानं धरायचं म्हणजे त्यांना बैलाचाच अपमान वाटला असावा. चार-पाच महिन्यांनी तेच म्हातारबा फाटकातनं विचारायचे, "मालनबाई हायत का?" डॉक्टर आहेत का, हे त्यानंतर.

इतक्या वर्षांत हातांखालून किती जनावरं गेली त्याचा हिशेब नाही. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिली एका बैलाची. दोन माणसांना शिंगावर घेतलं म्हणून मालक त्याला दवाखान्यात घेऊन आला होता. जनावर शांत व्हायची एखादी सुई असंल तर द्या, नाहीतर बाजार दाखवतो, असं म्हणत होता. मी वेसण धरून उभी होते. माझं लक्ष बैलाच्या खांद्याकडं गेलं. जुवाखालच्या बैलाचा खांदा घासून घट्ट झालेला असतो. याच्या खांद्यावर मऊ केस आले होते. मी विचारलं, जुंपला कधी होता? तर ट्रॅक्टर घेतल्यापासून दावणीलाच उभा. मी म्हटलं, "रोज घंटाभर कायतरी वढायला लावा. रिकामी गाडी वढू द्या." तो हसला, पण पंधरा दिवसांनी येऊन सांगून गेला की आता पोरं त्याच्या पोटाखालनं जातात.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. एका वस्तीवरचं कुत्रं आणलं होतं. तोंडातून लाळ गळत होती, खाता येत नव्हतं, डोळे लाल. पिसाळलंय, असं सगळे म्हणाले. तेव्हाच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं, आणि त्यांना दोष देता येत नाही, पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात कोण घालील? मी दोरीच्या फासानं मान धरली आणि त्यांनी शेवटची सुई दिली. कुत्रं निपचित झाल्यावर का कोण जाणे, मी हातमोजे घालून त्याचा जबडा उघडला. वरच्या दाढांमध्ये हाडाचा तुकडा आडवा अडकलेला होता. काढला तर नखानं निघाला.

तेव्हापासून सुई म्हटलं की मी आधी थोडं थांबायला सांगते.

निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. श्रावण संपत आला होता. दवाखान्यातले आताचे डॉक्टर, वयानं माझ्या मुलाएवढे, त्यांचा फोन आला. म्हणाले, मावशी, आबांच्या मळ्यावर एकदा येऊन जा.

आबा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. एकदा निवडून आलेले, एकदा पडलेले, आणि दोन्ही वेळा गावजेवण घातलेले. चौसाळ्याच्या रस्त्यावर त्यांचा मळा. दुसऱ्या एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर त्यांनी बर्फाच्या मुलखातली दोन कुत्री पाहिली, म्हणून यांनी चार आणली. हस्की त्यांचं नाव. लांडग्यासारखी तोंडं, अंगावर रजईएवढी केसाळ कातडी, निळे डोळे. पिल्लं होती तोवर पाहुणे फोटो काढायचे. वर्षभरात ती मोठी झाली. त्यांनी सोफा फाडला, कोंबड्या मारल्या, कुंपणाखालून बोगदा काढला आणि एक दिवस शेजारच्या माळावर धनगराचं कोकरू फाडलं. आमच्याकडं माळावर खरे लांडगे असतात, त्यामुळं माणसं आधीच भ्यालेली. गावानं आबांना सांगितलं, ही जात इथं नको. आबांनी डॉक्टरांना सांगितलं, सुई देऊन टाका.

डॉक्टर मला म्हणाले, "मी धडधाकट कुत्र्याला सुई देणार नाही, मावशी. पण माझ्या नकारानं ती वाचणारही नाहीत. कुणीतरी भाकरीतनं विष घालील. तुम्ही फक्त बघा."

मळ्यामागं लिंबाच्या झाडाला तीन कुत्री साखळीनं बांधली होती. रॉकी, टायसन आणि ब्रुनो. चौथी कुत्री, लुसी, त्यांच्यापेक्षा लहान. तिला झाडाला जागा उरली नव्हती म्हणून लोखंडी बाजेला बांधलं होतं. मी दिसल्याबरोबर ती निघाली, ती बाज घेऊनच. फरशीवर खडखडाट झाला. मला वाटलं, माझ्याकडं येतेय. पण ती माझ्या शेजारून पुढं गेली, भिंतीपर्यंत बाज ओढत नेली, वळली आणि परत ओढत आणली. मान खाली, पुढचे पाय रोवलेले, आणि तोंडावर असा आनंद की काय सांगू. तिला कुठंही जायचं नव्हतं. तिला ओढायचं होतं.

मला दावणीला उभा असलेला तो बैल आठवला. मी आबांना म्हटलं, "आबा, ह्यास्नी काम द्या."

आबा म्हणाले, "कुत्र्याला कशाचं काम? राखण करायची तर चोराच्या मागं मागं जातेत ही."

"वढायचं काम."

डॉक्टरांनी मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं. ही कुत्री बर्फावरून गाडी ओढणारी. चार, सहा, आठ अशी एकत्र जुंपतात. आणि बर्फ पडायच्या आधीचे दोन-तीन महिने, पावसाळा संपल्यावर, त्यांना चाकाच्या गाडीला जुंपून मातीच्या रस्त्यावर पळवतात, म्हणजे अंगात ताकद येते आणि एकमेकांची सवय होते. डॉक्टर म्हणाले, बर्फ सोडला तर बाकी सगळं आपल्याकडं आहे. आबांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

गाडी केली हनीफभाईंनी. चौसाळ्याच्या फाट्यावर त्यांचं गॅरेज. आमच्या दवाखान्याचा खोडा दर दोन वर्षांनी त्यांनीच वेल्डिंग करून उभा केला होता, त्यामुळं ओळख जुनी. मी काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मावशी, बीड जिल्हे के सारे बैल मर गये क्या?" पण चार दिवसांत भंगारातल्या रिक्षाची मागची दोन चाकं, मोपेडचं पुढचं चाक, बसायला फळी आणि दोन ब्रेक अशी गाडी त्यांनी मळ्यावर आणून टाकली. दुसरा ब्रेक कशाला, असं विचारलं तर म्हणाले, पहिला तुमच्यासाठी, दुसरा माझ्या बायकोसाठी, तिला मी परत हवाय.

पट्टे मी शिवले. बाजेची नवार घेतली, छातीवर येते तिथं जुन्या वाकळीच्या घड्या घातल्या. बैलाचा भार खांद्यावर असतो, कुत्र्याचा छातीवर. गळ्याला काच बसला की ते ओढणार नाही, हे मला पहिल्या दोन पट्ट्यांनंतर कळलं. ते दोन्ही लुसीनं फाडून टाकले आणि तिचं बरोबर होतं.

नवा गोऱ्हा शिकवायचा असला की आम्ही त्याला जुन्या बैलाच्या शेजारी जुंपतो. तोच त्याला शिकवतो. इथं जुनं कुणीच नव्हतं. म्हणून आधी एकेकाला मोटारसायकलचा जुना टायर बांधला आणि नुसतं चालवलं. मग दोघांना मिळून एक टायर. लुसीला पुढं ठेवली, कारण तिघांना ताकद जास्त होती पण शब्द तिलाच कळत होते. मळ्याच्या फाटकातून निघालं की उजवीकडं विहीर आणि डावीकडं सडक, म्हणून उजवीला वळायचं तर मी 'विहिरीकडं' म्हणायचे आणि डावीला 'सडकंकडं'. थांब, हळू, चला. एवढ्या पाच शब्दांवर सगळं शिक्षण.

डॉक्टरांनी एकच नियम घालून दिला होता. सूर्य उगवायच्या आत कुत्री परत सावलीला आली पाहिजेत. आश्विनातलं आमच्याकडचं ऊन भादव्यापेक्षा वाईट, आणि ही जात घामानं निवत नाही, जिभेनं निवते. म्हणून पहाट फुटायच्या आधी जुंपायचं, विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळवायचं, थांबून पाणी पाजायचं, पोट ओलं करायचं, आणि परत. पहिल्या आठवड्यात दोन खांब. दुसऱ्यात चार. मी फळीवर बसून शब्द सांगायचे, हनीफभाई शेजारी बसून ब्रेक सांभाळायचे. गॅरेज उघडायला उशीर होतो म्हणून ते रोज कुरकुरायचे आणि रोज माझ्या आधी फाटकात उभे असायचे.

कुत्र्यांत फरक पडायला महिना लागला नाही. ओरडणं थांबलं. टायसन जेवून चक्क झोपायला लागला. आबांच्या घरचे अंगणात यायला लागले.

आणि मग मी चूक केली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबांकडं पाहुणे आले होते, पक्षातले मोठे लोक. दहा वाजत आले होते. आबांनी निरोप पाठवला की जरा गाडी जुंपून दाखवा, दोनच खांब. मी नाही म्हणायला हवं होतं. हनीफभाई नाही म्हणालेही. पण सव्वीस वर्षं साहेब आले की उभं राहायची सवय, आणि खरं सांगायचं तर मलाही दाखवायचं होतं. लोक बैल धरणाऱ्या बाईला हसले होते, आता ह्यांनी बघावं, असं मनात होतं. मी जुंपली.

जाताना पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. येताना टायसनचे मागचे पाय लटपटले. तो पडला नाही, बसला. जीभ जांभळी झाली होती आणि डोळे माझ्याकडं असूनही मला बघत नव्हते. मी पट्टा कापला. हनीफभाईंनी आणि मी त्याला उचलून विहिरीजवळच्या हौदाकडं नेलं. हौद छातीएवढा खोल. कुत्र्याला पाण्यात धरायचं, पण नाक वर राहिलं पाहिजे, आणि ते ओलं ओझं आम्हा दोघांना पेलेना. एवढ्यात कुणीतरी शेजारी पाण्यात उतरलं. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा सदरा, खिशात मोबाइल, सगळं तसंच. आबा होते. त्यांनी टायसनचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि डॉक्टर येईपर्यंत तसेच उभे राहिले. पाहुणे काठावरून बघत होते. एकानं हाक मारली तर आबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. कुत्र्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते. माझी चूक त्यांनी काढली नाही आणि मी त्यांची.

टायसन वाचला. डॉक्टरांनी दोन दिवस सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले, "मालनबाई, माझं चुकलं. हौसेनं आणली. ही आपल्या मुलखाची न्हाईत. ह्यांची सोय लागंल असं ठिकाण बघा."

ठिकाण डॉक्टरांनी शोधलं. त्यांच्याबरोबर शिकलेला एकजण हिमाचलात नोकरीला होता. त्याच्या ओळखीचे एक नेगी म्हणून गृहस्थ होते, उंचावरच्या गावात अशीच कुत्री पाळणारे. थंडीत ती बर्फावर जुंपायची, सामान आणायचं, पाहुण्यांना फिरवायचं, हा त्यांचा धंदा. फोनवर ते स्पष्ट बोलले. शोभेची कुत्री त्यांना रोज कुणी ना कुणी देऊ करतं, ती त्यांना नको होती. एकत्र पळणारी, वाटेतल्या मेंढ्यांवर न जाणारी असतील तरच येऊन बघतो, म्हणाले. त्यांच्याकडं डोंगरात मेंढपाळ असतात.

मेंढ्यांचं ऐकून मला उपाय एकच दिसला. मग एका संध्याकाळी ज्यांचं कोकरू गेलं होतं त्या धनगरबाबांच्या पालावर गेले. त्यांना म्हटलं, तुमचा कळप रोज पहाटे रस्त्याकडंला उभा करा. ते चिलीम भरत होते. म्हणाले, "कावून? बाकीची बी खायाला घालू का?" मी काहीच लपवलं नाही. ही कुत्री मेंढ्यांशेजारनं गेली तर जगतील, नाहीतर कुणीतरी भाकरीतनं विष घालील, एवढं सांगितलं. म्हाताऱ्यानं चिलीम पेटवली आणि विचारलं की ब्रेक कुणाच्या हातात असतो. हनीफभाईंच्या, म्हटल्यावर तयार झाले. त्यांच्या पालावरची सायकल हनीफभाईंनीच दुरुस्त केलेली होती.

पहिल्या दिवशी ब्रुनोनं उडी घेतली. दोन्ही ब्रेक दाबूनही गाडी आडवी झाली आणि मी बाभळीत गेले. कळप लांब पळाला. दुसऱ्या दिवशी कळप येणार नाही असं मला वाटलं होतं, पण धनगरबाबा काठी टेकून तिथंच उभे होते. मी लुसीशी बोलत राहायचे. ती पुढं बघत पळायची, आणि ती पळतेय म्हणून मागच्या तिघांना पळावंच लागायचं. असं करत दिवाळी आली. भाऊबीजेच्या पहाटे चारही कुत्री कळपाच्या अंगाला घासून गेली आणि एकानंही मान वळवली नाही. धनगरबाबा म्हणाले, "आता ती कामावर हायत. कामावरचं जनावर इकडंतिकडं बगत न्हाई."

कार्तिकातले ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस. थंडी पडली होती. चाळीस-चाळीस खांब पळायचो. दोन्ही बाजूंना उगवून आलेली ज्वारी, पलीकडं फुटलेला कापूस. कुत्र्यांच्या तोंडातून वाफा निघायच्या आणि सोळा पावलांचा एकच आवाज यायचा. हनीफभाईंसारखा बडबड्या माणूससुद्धा तेव्हा बोलायचा नाही. एकदा फक्त म्हणाले, "मावशी, चालीस साल गाड़ियां बनाई. ये पहली है जिस में इंजन खुश है."

त्याच दिवसांत मला लुसीचं कळलं. रस्त्यात कुणीतरी रिकामी बैलगाडी सोडून ठेवली होती. तिघे तिला बघून कडेला झाले. लुसी सरळ जाऊन जुवावर आदळली. मग मी लक्ष ठेवलं. ती अंधुक उजेडात मान खाली घालून, जमिनीला नाक लावून पळायची. डॉक्टरांनी बॅटरी लावून तपासलं. डोळ्यामागचा पडदा वाळत चालला होता. या जातीत असतं असं, म्हणाले, आणि त्याला ऑपरेशन नाही. म्हणजे दोन महिने ती जवळजवळ माझ्या शब्दावरच पळत होती.

नेगीजी सफरचंदाच्या ट्रकमधून आले. हनीफभाईंचे मेहुणे बीडला फळांचे व्यापारी, त्यांच्याकडं हिमाचलातून माल यायचा. त्यांनीच ही सोय केली. परत जाताना ट्रकमध्ये जागा असते. नेगीजी माझ्याच वयाचे, थोडके बोलणारे. पहाटे गाडीवर माझ्या शेजारी बसले. परत आल्यावर त्यांनी वही काढून माझे पाचही शब्द लिहून घेतले आणि 'विहिरीकडं' तीनदा म्हणून बघितलं. मग मी त्यांना लुसीच्या डोळ्यांचं सांगितलं. सांगताना मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझा हात तिच्या मानेवर होता.

त्यांनी तिचे डोळे पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाले, तीन नेतो, ही इथंच राहू द्या.

मी खाली मान घातली, कारण मला आनंद झाला होता आणि तो त्यांना दिसू नये असं वाटत होतं. ट्रक निघाला तेव्हा रॉकी, टायसन आणि ब्रुनो ताडपत्रीखालून ओरडत होते आणि लुसी माझ्या पायाशी उभी राहून उत्तर देत होती. आबा आपल्या मोटारीत बसून राहिले, काच खाली केली नाही. मला मात्र एवढंच कळत होतं की माझी लुसी माझ्याकडं राहिली.

मी तिला नेकनूरला घरी आणली. थंडीचे दोन महिने बरे गेले. मग उन्हाळा आला. मी सव्वीस वर्षं जनावरांच्यात काढलेली बाई, मला कळायला हवं होतं. ओली पोती टाकली, कूलर लावला. वीज गेली की ती रांजणाखालच्या चिखलात जाऊन पडायची. चैत्रात तिनं भाकरी सोडली, वैशाखात दूधही अर्धं टाकायला लागली. पण उन्हापेक्षा वाईट दुसरंच होतं. रोज पहाटे ती उठायची, चाचपडत फाटकाशी जायची आणि तिथं पुढचे पाय रोवून, मान खाली घालून उभी राहायची. तिच्या मागं काही बांधलेलं नसायचं. मी एकदा टायर बांधून बघितला. चार पावलं ओढला आणि दोन्ही बाजूंना नाक फिरवून हुंगायला लागली. शेजारी कुणी नव्हतं. मग खाली बसली.

त्या दिवशी मी स्वतःला बोल लावला. तिला ठेवून घेतली ती तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मुलगा, सून कामावर जातात, घर दिवसभर रिकामं. निवृत्तीनंतर मला धरायला काहीतरी हवं होतं.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर नेगीजींना फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आंधळी आहे, पण गरीब आहे, खायला फार लागत नाही, कोपऱ्यात पडून राहील. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले की गाडीत जुंपलेल्या कुत्र्याला डोळ्यांची फारशी गरज नसते. पुढं नाही ठेवता येणार, पण मागच्या जोडीत चालेल. डाव्या नाहीतर उजव्या बाजूला ओळखीचं अंग लागलं की झालं.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही नेली?

"आंख की वजह से नहीं छोड़ी थी, बहनजी," ते म्हणाले. "आपका हाथ उसकी गर्दन पर था. हमसे मांगा नहीं गया."

पुढचंही त्यांनीच सांगितलं, पहिल्या सफरचंदाचा ट्रक आला की पाठवा.

आश्विन लागायच्या सुमारास ट्रक आला. ड्रायव्हर सरदारजी होते. त्यांनी केबिनमध्ये सीटच्या मागं तिच्यासाठी जागा केली. हनीफभाईंनी ओल्या पोत्यांची थप्पी दिली, आणि आबांनी, कुणी सांगितलं नसताना, बर्फाची पेटी भरून आणली. मी लुसीला उचलून वर ठेवली. ती माझ्या हाताचा तळवा हुंगत राहिली. मी काही बोलले नाही, कारण माझा शब्द ऐकला असता तर ती उतरली असती. एका अंगाला पोतं, एका अंगाला सरदारजींची पिशवी लागली तशी ती मधोमध बसली. ट्रक वळेपर्यंत मी उभी होते. मग हनीफभाईंनी मला मोटारसायकलवरून घरी सोडलं.

पोचल्याचा फोन चौथ्या दिवशी आला. नेगीजींनी सांगितलं की तिघांनी तिला लांबूनच ओळखलं आणि ब्रुनोनं तिला पाडून तिचे कान चाटले. थंडीत त्यांनी मोबाइलवर चित्रण पाठवलं. पांढरं माळरान, आठ कुत्री, मागच्या जोडीत डावीकडं लुसी, शेजारी टायसन. तिचं तोंड मी जवळ करून करून पाहिलं. बाज ओढताना होतं तसंच.

याला आता तीन वर्षं झाली. नेगीजी दर थंडीला बोलावतात, येऊन बर्फ बघून जा म्हणतात. मुलगा तिकीट काढून द्यायला तयार आहे. मी जात नाही. लोकांना वाटतं, थंडीला भिते. तसं नाही. लुसीला आता काहीच दिसत नाही, ती माणूस वासानं ओळखते. मी गेले तर तिला कळणार, आणि मी परत निघाले की ती माझ्या मागं निघणार. तिला पुन्हा एकदा सोडवून मागं ठेवायचं, हे माझ्यानं होणार नाही. तिची जोडी लागली आहे, तिथं तिचं बरं चाललंय.

गेल्या महिन्यात हनीफभाई म्हणाले, मग लांबूनच बघून या. ती पळताना बघा आणि न बोलता माघारी फिरा, तिला पत्ता लागणार नाही.

मी म्हटलं, "लांबनं बगता यील, भाई. पन डोंगरातलं वारं कुनीकडनं कुनीकडं वाहील, ह्याचा भरवसा कुनी द्यायचा?"